रविवारची डिझायनर-चरित्रं: फी वसूल, पण मराठीच्या वाट्याला एकच रविवार

ग्राफिक डिझायनरांच्या चरित्रांच्या या क्लासची फी ३,२०० रुपये, चहा त्यातच. वसूल झाली का? झाली. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण नाव नोंदवण्याआधी मी या क्लासबद्दल जे जे वाचलं ते सगळं ‘अप्रतिम, सरांना सलाम’ या थाटाचं होतं. त्यावरून गाडी कुठे लावायची एवढंसुद्धा कळत नव्हतं. (जागा नाही. चालत या, नाहीतर रिक्षा करा.)

क्लास पुण्यात नवी पेठेत भरतो, पत्रकार भवनापासून जवळ, पहिला मजला, लिफ्ट नाही. आठ रविवार, सकाळी दहा ते साडेबारा. विषय ग्राफिक डिझायनरांची आयुष्यं. कोण कुठून आला, पहिलं काम कसं मिळालं, गाजलेलं काम कुणासाठी केलं, उतारवयात काय झालं. सॉफ्टवेअर शिकवत नाहीत. हे ठळक सांगते, कारण पहिल्याच दिवशी दोन मुलं ‘सर, इलस्ट्रेटर कधी चालू होणार?’ म्हणून विचारत होती आणि पुढच्या रविवारी दिसली नाहीत. सर निवृत्त आहेत, उपयोजित कला शिकवण्यात हयात गेलेली. बोलतात छान, तिरकस. वर्गात निम्मी अभिनव कला महाविद्यालयाची पोरं, काही नोकरदार, एक दातांचे डॉक्टर (का आले होते ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण प्रश्न उत्तम विचारायचे), छापखान्यातून निवृत्त झालेले, शिशाची अक्षरं जुळवणारे एक जुळारी काका, आणि मी. पोरांनी मला पहिल्या दिवसापासून काकू करून टाकलं.

माझी बाजूही सांगितली पाहिजे, म्हणजे मी कुठल्या तराजूत तोलते आहे ते कळेल. शनिवार पेठेत माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं मांडायचं, काम आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं, पदरमोड करून काढलेले कवितासंग्रह, आणि निवडणूक लागली की पत्रकं. शिक्षण बी.कॉम., चित्रकलेत इंटरमिजिएटपर्यंत. या धंद्यात कुणाचं नाव छापलं जातं हे मला चांगलं ठाऊक आहे. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर कायद्यानं गुन्हा होतो. पुस्तकावर मुद्रकाचं नाव टाकायची सक्ती १८६७ च्या कायद्यानं केली होती. पान ज्यानं मांडलं त्याचं नाव टाका, असं कुठल्या कायद्यात वाचल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे थोरामोठ्यांची चरित्रं ऐकतानाही माझं लक्ष दोनच गोष्टींकडे होतं: याला पैसे किती मिळाले आणि याचं नाव कुठे लागलं. सरांचा क्लास जिथे या दोन प्रश्नांच्या जवळ गेला तिथे तो फार चांगला झाला. जिथे नुसत्या आरत्या झाल्या तिथे मी चहाची वाट बघत बसले.

पहिला रविवार तसा हलका गेला. आल्फोन्स मुखा हा पॅरिसमध्ये दिवस काढणारा चेक चित्रकार. १८९४ च्या नाताळात बाकीचे चित्रकार सुट्टीवर, आणि सारा बर्नार्ट या तेव्हाच्या सर्वांत बड्या नटीला नाटकाचं पोस्टर तातडीनं हवं. छापखान्यात जो हजर होता त्याला काम मिळालं. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी पोस्टर भिंतींवर लागलं आणि बाईंनी त्याच्याशी सहा वर्षांचा करार केला. ऐन दिवाळीत दुकान उघडं ठेवणाऱ्या कुठल्याही माणसाला ही गोष्ट पटेल. १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या तेव्हा गेस्टापोनं याच मुखाला चौकशीला धरून नेलं आणि त्याच वर्षी तो गेला. हे सरांनी घाईत दोन वाक्यांत उरकलं.

यान चिखोल्डवर मात्र ते थांबले, आणि बरं झालं. लाइपझिगच्या पाट्या रंगवणाऱ्याचा मुलगा. १९२३ मध्ये वायमारला बाउहाउस या जर्मन कलाशाळेचं प्रदर्शन बघून पेटला, आणि १९२८ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, छपाई कशी असावी याचा जाहीरनामाच पुस्तकरूपानं काढला: मधोमध मांडणी नको, नक्षी नको, अक्षर साधं हवं. १९३३ मध्ये नाझींनी त्याला अटक केली. सुटल्यावर तो स्वित्झर्लंडला गेला आणि हळूहळू त्याच मधोमध मांडणीकडे, त्याच जुन्या वळणाच्या अक्षरांकडे परतला. आपल्या तरुणपणच्या कडवेपणात नाझींच्या कडवेपणाचा अंश होता, असं त्यानं स्वतःच म्हणून ठेवलं. जुन्या साथीदारांनी त्याला फितूर ठरवलं. १९४७ ते १९४९ तो लंडनला पेंग्विन पुस्तकांच्या कामावर होता आणि तिथे त्यानं अक्षरजुळणीचे नियम चार पानांत लिहून काढले. दोन शब्दांमध्ये जागा किती, पूर्णविरामानंतर किती, उताऱ्याची सुरुवात किती आत. छापखान्यांनी कुरकुर केली, पण त्याच्या हाताखालून पाचशेहून जास्त पुस्तकं निघाली.

सरांनी ते नियम पडद्यावर लावले तेव्हा जुळारी काका मागून म्हणाले, “हे आमच्याकडे हेडकंपोझिटर शिव्या देऊन शिकवायचा.” हशा झाला. पण काकांचं बरोबर होतं. माझ्याकडे येणाऱ्या कवितासंग्रहांत उद्गारचिन्हाआधी जागा सोडलेली असते, नंतर नसते, आणि एका ओळीत तीन-तीन उद्गारचिन्हं असतात. कवीला हे सांगितलं की तो दुखावतो. चिखोल्डचे निदान नियम लेखी होते. मी त्या स्लाइडचा फोटो काढून टेबलासमोर चिकटवला आहे.

सगळ्यात रंगला तो लंडनचा रविवार. आधी एडवर्ड जॉन्स्टन, ज्यानं भुयारी रेल्वेसाठी १९१६ मध्ये अक्षर केलं. बोरूनं सुलेखन शिकवणारा हा माणूस, आणि अक्षर मात्र स्टेशनच्या पाटीवर लांबून वाचता येईल असं सरळ, बिनकाठाचं. छोट्या ‘आय’वरचा टिंब चौकोनी, तोही तिरका उभा केलेला. बोरू टेकवला की कागदावर जो ठसा उमटतो तोच. काका यावर खूश झाले.

मग हॅरी बेक. हा काही डिझायनर म्हणून नोकरीत नव्हता. भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागात आरेखक, तोही हंगामी. १९३१ मध्ये कामावरून कमी केलेलं असताना घरी बसून त्यानं रेल्वेचा नकाशा नव्यानं काढला. त्याचं म्हणणं साधं: जमिनीखालून जाणाऱ्याला वर कुठला रस्ता आहे याच्याशी काय करायचंय? त्याला स्टेशनांचा क्रम आणि गाडी कुठे बदलायची तेवढं हवं. म्हणून रेषा आडव्या, उभ्या किंवा पंचेचाळीस अंशांत. मध्यावरची गर्दी मोकळी केली, टोकाकडची लांबलचक अंतरं आवळली. जमिनीवरची एकच खूण ठेवली, थेम्स नदी. साहेबांनी आधी नाकारला, मग थोड्या प्रती छापून अंदाज घेतला, आणि १९३३ च्या जानेवारीत लाखो प्रती काढल्या.

इथे सरांनी प्रत्येकाला ए-थ्री कागद दिला, सोबत पुण्याच्या नकाशाची झेरॉक्स, आणि सांगितलं: आपली मेट्रो बेकच्या नियमानं काढा, नावं देवनागरीत. अर्धा तास.

सोपं वाटतं. मार्ग दोनच, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी, आणि सिव्हिल कोर्टाला दोघांची गाठ. रेषा पाच मिनिटांत झाल्या. अडलं ते नावांवर. डेक्कन जिमखाना, त्याला खेटून छत्रपती संभाजी उद्यान, त्याला खेटून पुणे महानगरपालिका. तिघांची नावं आडव्या रेषेखाली मांडली की एकमेकांच्या अंगावर चढतात. दोन ओळींत तोडावीत तर वरच्या ओळीतल्या ‘पु’चा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. रोमन अक्षरांचं बरं असतं, त्यांच्या डोक्यावर वेलांट्या नाहीत. आम्हाला ओळींमध्ये जास्त जागा सोडावीच लागते, आणि नकाशात जागाच नसते. मी नावं पंचेचाळीस अंशांत तिरकी केली. सर मागे येऊन उभे राहिले.

“ताई, छान दिसतंय. पण स्वारगेटला जाणाऱ्याची मान येरवड्यालाच धरेल.”

शेवटी एक नाव रेषेच्या वर, पुढचं खाली, असं आलटून पालटून लावलं तेव्हा बसलं. स्टेशनांमधली अंतरंही सारखी करून टाकली. शेजारच्या पोराचा नदीवरून डॉक्टरांशी वाद चालला होता. पोराचं म्हणणं, बेकनं थेम्स ठेवली तशी आपण मुठा ठेवायची. डॉक्टर म्हणाले, कसब्याच्या बाजूला मेट्रोच नदीखालून जाते, मग प्रवाशाला नदी दिसणार कुठे? दोघांच्याही कागदावर बराच वेळ स्टेशनं नव्हती. या अर्ध्या तासात मला बेक जितका कळला तितका तासभराच्या स्लाइडींनी कळला नसता. सरांनी असे अभ्यास आणखी द्यायला हवेत. आठ रविवारांत हा एकच होता, आणि ही माझी पहिली तक्रार.

बेकचा शेवट ऐकून वर्ग गप्प झाला. मोबदला किरकोळ मिळाला. पुढे पंचवीसेक वर्षं तो नकाशात दुरुस्त्या करत राहिला. १९६० मध्ये नवा नकाशा आला आणि त्यावर नाव दुसऱ्याचंच. बेक पत्रं लिहून भांडला, काही उपयोग झाला नाही, १९७४ मध्ये गेला. आता लंडनच्या त्या नकाशावर खाली बारीक अक्षरात एक ओळ असते, की मूळ कल्पना हॅरी बेकची, १९३१. सरांनी ती ओळ मोठी करून दाखवली. बाकी कुठल्याही स्लाइडपेक्षा मी ती जास्त वेळ बघितली.

अमेरिकेच्या रविवारी पॉल रँड. ब्रुकलिनचा, जन्मनाव पेरेट्झ रोझेनबाउम, वडिलांच्या किराणा दुकानासाठी पाट्या रंगवत मोठा झालेला. तरुणपणी एका मासिकाची मुखपृष्ठं त्यानं बिनपैशांची केली, अट एवढीच की कुणी ढवळाढवळ करायची नाही. आयबीएमचं चिन्ह १९५६ चं, पट्ट्यांचं १९७२ चं. आणि १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्सनं नव्या कंपनीसाठी, नेक्स्टसाठी, चिन्ह मागितलं तेव्हा रँडनं एक लाख डॉलर घेतले. जॉब्सनं दोन-चार पर्याय मागितले. रँड म्हणाला, पर्याय मिळणार नाहीत, तुमचा प्रश्न मी सोडवून देईन, वापरा किंवा वापरू नका, पैसे द्या. सोबत तो विचार समजावणारी पुस्तिका छापून दिली.

वर्गातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. माझ्याकडे पत्रिकेची पार्टी आली की सहा डिझाइनं बघते, व्हॉट्सअॅपवर मामांना पाठवते, मामा म्हणतात गणपती मोठा करा, मग आत्या म्हणतात वधूचं नाव आधी कसं. तिथे ‘एकच पर्याय’ म्हणून बघावं कुणी. पण सरांनी लगेच दुसरी बाजू दाखवली, ते आवडलं. रँडच्या शेवटच्या कामांपैकी एक म्हणजे एन्रॉन या अमेरिकी वीज कंपनीचं तिरकं ‘ई’. दाभोळ, गुहागर, आंदोलनं, सगळं आपल्याकडच्यांना आठवतं. रँड १९९६ च्या नोव्हेंबरात गेला, चिन्ह त्यानंतर लोकांसमोर आलं, आणि २००१ च्या डिसेंबरात कंपनीचं दिवाळं वाजलं. चिन्ह उत्तम होतं की वाईट, यावर अर्धा तास वाद झाला. चिन्ह उत्तमच होतं असं माझं मत आहे. कंपनीची लबाडी चिन्ह काढणाऱ्याच्या माथी मारू नये, नाहीतर दर निवडणुकीनंतर मला तोंड लपवून फिरावं लागेल.

रँडच्या एक लाखासमोर सरांनी कॅरोलिन डेव्हिडसन ठेवली. पोर्टलंडची विद्यार्थिनी, १९७१, ताशी दोन डॉलर दर, नायकेच्या त्या बाकदार खुणेचे एकूण पस्तीस डॉलर. कंपनीच्या फिल नाइटला खूण फारशी आवडलीही नव्हती, हळूहळू आवडेल म्हणाला. बारा वर्षांनी, १९८३ मध्ये, कंपनीनं तिला बोलावून हिऱ्याची अंगठी आणि शेअर दिले. म्हणजे उशिरा का होईना, हिशोब झाला. माझा एक हिशोब राहिलेला आहे. एका मंडळाचं बोधचिन्ह मी काढून दिलं होतं. ते कमानीवर लागलं, टी-शर्टांवर आलं, वर्गणीच्या पावतीवर आजही आहे, आणि मला मिळालं शाल-श्रीफळ. शाल बरी आहे.

मिल्टन ग्लेझरनं मात्र स्वखुशीनं पैसे घेतले नाहीत. न्यूयॉर्क सत्तरीत कंगाल झालेलं, राज्याला पर्यटन वाढवायचं होतं. टॅक्सीत बसल्या बसल्या त्यानं लिफाफ्यावर लाल खडूनं काढलं: मी, बदाम, एनवाय. १९७७ च्या मोहिमेत ते आलं. ग्लेझर २०२० मध्ये आपल्या एक्क्याण्णवाव्या वाढदिवशीच वारला. पुण्यात आता दर चौथ्या चौकात तोच बदाम घालून त्या त्या भागाचं नाव पत्र्यात उभं केलेलं दिसतं, रात्री दिवे लागतात आणि खाली संकल्पना म्हणून नगरसेवकाचं नाव असतं. ही जोड सरांची नाही, माझी. वर्गात बोलले तेव्हा सर इतके हसले की पाणी प्यावं लागलं.

ओट्ल आयखर या जर्मन डिझायनरचा रविवार अर्धा बाउहाउसच्या इतिहासात वाया गेला. खरं तर माणूस जबरदस्त. हिटलर युथमध्ये जायला नकार दिलेला, नाझींनी १९४३ मध्ये मारलेल्या हान्स आणि सोफी शोल या भावंडांचा मित्र. पुढे त्यांच्या बहिणीशी, इंगेशी, लग्न केलं आणि तिच्यासोबत उल्मची डिझाइन शाळा उभी केली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधली ती ठोकळ्यांची खेळाडू माणसं त्याची. यातलं निम्मं सरांनी शेवटच्या दहा मिनिटांत सांगितलं.

आता मोठी तक्रार. ‘महिला डिझायनर’ असा एक वेगळा रविवार. त्यात सिपी पिनेलेस, मार्गारेट कॅल्व्हर्ट, सुझन केअर, पॉला शेर, सगळ्या एकाच गाडीत कोंबलेल्या. कॅल्व्हर्टचं काम बघा. किनेअर हे तिचे शिक्षक, आणि दोघांनी मिळून केलेल्या रस्त्यावरच्या पाट्या ब्रिटनमध्ये १९६५ पासून लागल्या. आपल्याकडचे लाल त्रिकोण त्याच घराण्यातले दिसतात. शाळेच्या पाटीवर आधी टोपीवाला मोठा मुलगा लहान मुलीला नेत असे. कॅल्व्हर्टनं ते उलटं केलं, मोठी मुलगी लहान मुलाला हाताला धरून नेते, आणि त्या मुलीत तिनं स्वतःचं लहानपण काढलं. गाय काढायला नातेवाइकांच्या शेतावरची पेशन्स नावाची गाय समोर ठेवली. ही बाई लंडनच्या रविवारी, बेकच्या शेजारी हवी होती. केअरनं मॅक संगणकाच्या पडद्यावरची कचरापेटी आणि हसरा चेहरा चौकटीच्या वहीत एकेक चौकट भरून काढला. भरतकामात टाके मोजतात तसंच ते, हे तिचंच म्हणणं. शेरनं सिटी बँकेचं चिन्ह १९९८ मध्ये बैठकीतच कागदी रुमालावर काढलं, आणि त्या काही सेकंदांमागे चौतीस वर्षं आहेत असं ती सांगते. हे वाक्य माझ्या दरपत्रकावर छापायला पाहिजे. रँडच्या लाखाबरोबर हिची गोष्ट सांगितली असती तर पोरांना दर लावायचं काहीतरी कळलं असतं. मी सरांना तसं म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. बघू.

आणि मराठीचा रविवार. एकच! त्यात दीनानाथ दलाल, कमल शेडगे, र. कृ. जोशी, वर शेखर कामतांचं १९७१ चं स्टेट बँकेचं चिन्ह आणि २०१० चं रुपयाचं चिन्ह. दलाल गोव्याचे, १९१६ चा जन्म, १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला आणि १९७१ मध्ये गेले. माझ्या आजोळी त्यांच्या मुखपृष्ठांचे अंक ट्रंकेत होते. शेडग्यांनी नाटकांची नावं अशी काढली की पेपरातली दोन इंची जाहिरात बघून नाटक विनोदी की गंभीर ते कळावं. २०२० मध्ये ते गेले तेव्हा बातम्या आल्या. त्याआधी किती जणांना नाव माहीत होतं, सर म्हणाले, हात वर करा. काकांचा आणि माझा.

जोशींबद्दल ऐकायला मी मुद्दाम आले होते. उल्का या जाहिरात संस्थेत वर्षानुवर्षं काम, मग आयआयटी मुंबईत शिकवणं, सुलेखन, कविता, आणि उतारवयात संगणकासाठी भारतीय लिप्यांचे फॉन्ट. विंडोजबरोबर येणारा मंगल त्यांचा. शासनाचं पत्र, बँकेचा अर्ज, टायपिंगची परीक्षा, सगळीकडे मंगल. आम्ही डीटीपीवाले त्याला नावं ठेवतो, कारण आमची सवय श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची. पण ज्या काळात देवनागरी पडद्यावर धड दिसायची मारामार होती त्या काळात जोडाक्षर नीट जुळवून दाखवणारं अक्षर सगळ्यांच्या संगणकावर आपोआप पोचणं ही लहान गोष्ट नव्हती. जोशी २००८ मध्ये गेले. त्यांना वीस मिनिटं मिळाली. बाउहाउसला तास.

त्या रविवारची खरी कमाई वेगळीच. सरांनी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, आणले होते, एका जुन्या डब्यात. त्यांनी समजावायला सुरुवात केली आणि काका उठून टेबलापाशी आले. डब्यात न बघता हात घातला, एक खिळा उचलला, अंगठ्यानं त्याच्या बाजूची खाच चाचपली आणि डोळे मिटून म्हणाले, खाच वर आली की अक्षर सुलट बसतं, बघायची गरज नाही. मग ‘र्की’ जुळवून दाखवलं. ‘क’ वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा, आणि वेलांटीचं टोक खिळ्याच्या अंगाबाहेर आलेलं, शेजारच्या अक्षराच्या खांद्यावर टेकेल असं. ते टोक मोडलं की छापताना वेलांटी बोडकी. इंग्रजीची केस एवढीशी, आमची केस भिंतभर, काका म्हणाले, शेकडो घरं, आणि कुठल्या घरात काय ते हाताला पाठ. पोरं मोबाइल काढून शूट करत होती. काकांनी तेवढ्यात ‘काकू’ जुळवून माझ्या हातात दिलं. उलटं.

या रविवारी जावजी दादाजींचं नावही आलं नाही. निर्णयसागर छापखान्याचे खिळे ज्यांनी पाडले, देवनागरी छपाईला वळण दिलं, त्यांच्याशिवाय मराठी अक्षराची गोष्ट सुरूच कशी होते? चित्रशाळा प्रेसही नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी १८७८ मध्ये काढलेला, देवादिकांची रंगीत चित्रं घरोघर पोचवणारा छापखाना, तोही आपल्या सदाशिव पेठेतला, जिथे क्लासनंतर चालत जाता येतं. आर. के. लक्ष्मण उतारवयात पुण्यातच राहिले, २०१५ मध्ये इथेच गेले. एशियन पेंट्सचा गट्टू त्यांनी १९५४ मध्ये काढलेला. गट्टूची एक स्लाइड, तीही चहाला उठताना. वायमारला बसनं न्या म्हणत नाही, पण सदाशिव पेठ तरी दाखवा.

सोयींबद्दल: खुर्च्या प्लॅस्टिकच्या, दीड तासानंतर पाठ बोलायला लागते. प्रोजेक्टर जुना, आयबीएमच्या चिन्हाचा निळा रंग जांभळा दिसत होता. पंखे चालू ठेवले की सर ऐकू येत नाहीत. चहा चांगला, आलं घातलेला, दुसरा कप मागितला तर देतात. एखादा रविवार चुकला तर रेकॉर्डिंग मिळत नाही.

टिपणांचं काय सांगू. डिझाइनच्या क्लासची टिपणं, आणि श्रीलिपीतून युनिकोडात आणताना रफार पळालेले, ‘र्य’ तुटलेला, मधेच इंग्रजी मजकूर टाइम्समध्ये ठळक. चिखोल्डचे नियम ज्या पानावर होते त्याच पानावर एका ओळीत शब्दांमध्ये बोटभर फटी. तिसऱ्या रविवारी मी सरांना म्हटलं, द्या मला, सेट करून देते. त्यांनी विचारलं, किती घ्याल? मी पानाचा दर सांगितला. आठांची टिपणं करून दिली, पैसे रोख घेतले, आणि शेवटच्या पानावर मुद्रकाच्या नावाखाली ‘अक्षरजुळणी व मांडणी’ म्हणून माझं नाव टाकलं. सरांनी प्रूफात ते बघितलं आणि एक पॉइंट मोठं करा म्हणाले. तेव्हा आता नव्या बॅचला टिपणं नीट मिळतील, ही तक्रार तुम्ही करू नका.

कुणी जावं? कला शाखेची पोरं, छापखान्यात किंवा जाहिरातीत काम करणारी, शाळेत चित्रकला शिकवणारे. पोर्टफोलिओ करून मिळेल, नोकरी लागेल म्हणून जाणार असाल तर पैसे वाया. इंग्रजीत सगळं आयतं वाचणाऱ्यांना यातली माहिती नवी नसेलही, पण सरांचं बोलणं आणि वर्गातले वाद घरबसल्या मिळत नाहीत.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो मराठीच्या रविवारासाठी. अभिप्रायाच्या कागदावर लिहून आले आहे: मराठीचे दोन रविवार करा, एक खिळ्यांचा आणि एक माणसांचा, काकांना मानधन देऊन बोलवा, बाउहाउस अर्ध्या तासात बसवा. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. तसं केलं तर त्या दोन रविवारांचे वेगळे पैसे भरून मी पुन्हा बसेन. आठांचे नाही.